बिनदाखल्याच्या कामाचा दाखला

देवानंदभाऊंच्या कपाटात हर्षालीची एक फाईल आहे. जन्माचा, जातीचा, रहिवासाचा दाखला वगैरे वेगळ्या फायलीत. ते काय, कुणाकडेही असतात. ही फाईल गुलाबी पुठ्ठ्याची, पांढऱ्या नाडीची, आणि वर भाऊंच्या वळणदार अक्षरात लिहिलेलं : 'कु. हर्षाली – प्रोफाइल'. आत एकतीस प्रमाणपत्रं, प्रत्येकाच्या उजव्या कोपऱ्यात लाल शाईनं पान क्रमांक. जव्हारच्या एका सरकारी कार्यालयात चोवीस वर्षं लिपिकाचं काम केलेल्या माणसाची फाईल आहे ती. तिच्यातलं पान कधी हरवत नाही, फक्त मुलगी हरवते, असं हर्षालीची आई पुष्पलता म्हणते. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, त्यामुळे तिचं घरात कुणी ऐकत नाही.

ह्या सगळ्याची सुरुवात नितीननं केली. नितीन शेजारच्या टेबलावर आवक-जावक सांभाळतो. त्याचा भाचा पुण्यातल्या एका खासगी विद्यापीठात पूर्ण शिष्यवृत्तीवर लागला, तेव्हा पेढे वाटता वाटता तो म्हणाला, "मार्क कोण बघतं भाऊ आता? मार्क सगळ्यांनाच असतात. प्रोफाइल लागतं."

"म्हणजे नक्की काय लागतं?"

"अभ्यास सोडून बाकीचं सगळं."

भाऊंनी घरी येऊन हे जसंच्या तसं सांगितलं. हर्षाली तेव्हा अकरावीत होती. ती खूश झाली. अभ्यास सोडून बाकीचं सगळं तिला येत होतं. शिवाय तिला जायचं होतं त्याच विद्यापीठात, भूगोल शिकायला. तिथली मुलं नकाशे काढायला डोंगरात जाऊन राहतात, असं तिनं मोबाईलवर पाहिलं होतं. शिष्यवृत्ती मिळाली तरच जाता येईल, हे घरात कुणी बोललं नव्हतं. म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं.

तर मग उपक्रम सुरू झाले.

कराटेचे सर दर गुरुवारी विक्रमगडहून यायचे. पावसाळ्यात यायचे नाहीत. त्यामुळे हर्षालीला लाथ मारता यायला लागली, पण समोरच्याची लाथ अडवता येईना, कारण अडवणं पावसाळ्यात शिकवायचं ठरलं होतं. कीबोर्डच्या क्लासात एकच कीबोर्ड, त्याची मधली एक पट्टी कायमची बसलेली. तो सूर सोडून सगळी गाणी वाजवायची. परीक्षक बाहेरून आले होते, त्यांना ती शैली वाटली. दोन पावसाळ्यांत दोनदा वृक्षारोपण झालं : फोटो दोन, खड्डा तोच, रोप वेगळं. दुसऱ्या फोटोत मागे बकरी दिसते, त्यावरून मधल्या काळात काय झालं ते कळतं. वारली चित्रकलेची तीन दिवसांची कार्यशाळा झाली, शिकवायला ठाण्याहून बाई आल्या होत्या. पान क्रमांक बावीस ताणमुक्ती शिबिराचं आहे. ते हर्षालीनं अर्धंच केलं. बुद्धिबळाची वेळ झाली म्हणून भाऊ तिला मधूनच ओढत घेऊन गेले.

"बाबा, मला ह्यातलं काहीच आवडत नाही," ती एकदा म्हणाली.

"आवडीचा रकाना नाही त्यात," भाऊ म्हणाले. ते खोटं बोलत नव्हते. त्यांनी नमुना मागवून पाहिला होता.

हर्षालीला काय आवडायचं, ते मात्र सांगायला हवं, कारण सगळं घोडं तिथेच अडलं.

भाऊंची आई, हौशी, साखरशेतला राहते. भात-नाचणी करते आणि जव्हारला मुलाच्या खोलीत राहायला आली की दुसऱ्या दिवशी आजारी पडते. हर्षाली शनिवारी आजीकडे जायची आणि रविवारी सकाळी नऊच्या जीपनं परत यायची. जीप रघ्याची. रघ्या भाऊंचा चुलतभाऊ. पाडा राहिला खाली उतारावर, रस्ता वर. खालून चढून यायला कुणाला दहा मिनिटं लागतात, कुणाला चाळीस. म्हणून तिथे एक रीत आहे : जीप सुटायच्या आधी वरून हाळी द्यायची. जो वाटेला लागला असेल त्यानं खालून ओ द्यायची. ओ आली, की त्याच्यासाठी जीप थांबणार. कितीही वेळ लागो. ओ आली नाही, की जीप सुटणार. मग तो सरपंच का असेना. त्यावर भांडण नाही.

दोन वर्षं ही हाळी हर्षाली द्यायची. जीपच्या मागच्या पायरीवर उभी राहून, एका हातानं वरची सळई धरून. तिला ओ ऐकून कळायचं की माणूस ओहोळापाशी आहे की आंब्यापाशी, डोक्यावर भारा आहे की हात मोकळे आहेत, आणि कुणी घरातच वेणी घालत बसून वाटेत असल्याची लबाड ओ देतंय का. पुतळी डोकरीची, म्हणजे पुतळी म्हातारीची, ओ दोनदा यायची, एकदा तिची आणि एकदा समोरच्या टेकडीवरून आदळून. दुसरी धरायची नाही, हे हर्षालीनं रघ्याला शिकवलं. त्याआधी तो उगाच समोरच्या टेकडीकडे बघत बसायचा.

एका रविवारी भाऊ कामानिमित्त त्या रस्त्यानं साहेबांच्या गाडीतून चालले होते. साहेब म्हणाले, "ही पोरगी काय जोरात ओरडते हो!" भाऊंनी पाहिलं, आणि खाली वाकून बुटाची नाडी बांधायला घेतली. बुटाला नाडी नव्हती.

पुढच्याच रविवारपासून अबॅकसचा क्लास सुरू झाला. सतरा वर्षांची हर्षाली दुसरी-तिसरीतल्या पोरांच्या ओळीत बसून हवेतले मणी मोजायला लागली. शेजारच्या पोरानं तिला विचारलं, "ताई, तू नापास झालीस का?"

मग बारावी झाली, आणि अर्ज उघडला. शेवटची तारीख रविवार, संध्याकाळी पाच. शुक्रवारी तिघंही मोबाईलभोवती बसले. तेरा प्रश्न सुरळीत गेले. चौदाव्याला भाऊ थांबले.

'तुम्ही सातत्याने केलेले असे एक काम सांगा, ज्यासाठी तुम्हाला कोणतेही प्रमाणपत्र मिळालेले नाही. ह्या उत्तरास तीस गुण.'

भाऊंनी फाईल उघडली. पान एक ते पान एकतीस चाळलं. मग उलट, एकतीस ते एक. चुकून एखादं प्रमाणपत्र नसलेलं प्रमाणपत्र मिळतंय का, ते पाहिलं.

"सगळ्यांचीच मिळालेली आहेत," ते हताशपणे म्हणाले.

"मी लिहिते," हर्षाली म्हणाली, आणि तिनं हाळीचं लिहिलं. सगळं : पायरी, ओहोळ, आंबा, पुतळी डोकरी, समोरची टेकडी. लिहून झाल्यावर वाचून दाखवलं.

"हे नाही चालणार."

"का?"

"जीपच्या मागे लोंबकळून बोंबलते असं लिहायचं? पुण्यात वाचणार लोक. वडील : शासकीय सेवेत. मुलगी : जीपचा क्लीनर!"

"मग अर्ज नको भरायला," हर्षाली म्हणाली. "कराटे लिहायला सांगू नका. मला अडवता येत नाही."

पुष्पलता भाकरी थापता थापता म्हणाली, "दीड वर्ष पोरीला मेंढरासारखं हाकलंत. आता तिनं स्वतः एक वाट दाखवली, तर नाक मुरडताय?"

भाऊंनी फाईलची नाडी बांधली आणि म्हणाले, "दाब पुढचं बटण."

हर्षालीनं दाबलं. दबेना. उत्तराखाली बारीक लाल अक्षरं आली : 'पुरावा जोडणे अनिवार्य. पीडीएफ, दोनशे केबीपर्यंत.'

मदत क्रमांकावर अकरा वेळा फोन लावल्यावर एक मुलगा बोलला.

"हो सर, डॉक्युमेंट लागेलच."

"अहो, पण प्रश्नच असा आहे की प्रमाणपत्र नसलेलं काम सांगा."

"बरोबर सर."

"मग प्रमाणपत्र कुठून जोडणार?"

"प्रमाणपत्र नको सर. तुम्हाला प्रमाणपत्र मिळालेलं नाही आणि तरी तुम्ही ते काम केलंय, असं कुणाचं तरी लेखी द्या."

"म्हणजे दाखलाच की."

"हो सर. फक्त त्याला प्रमाणपत्र म्हणू नका."

हर्षालीनं कपाळावर हात मारला. पण भाऊंच्या चेहऱ्यावर दीड वर्षानं समाधान उमटलं. इतके दिवस त्यांना पुणं परकं वाटत होतं. आता वाटेना.

"पंचनामा करू," ते म्हणाले. "पाच पंच, सह्या, अंगठे. रविवारी सकाळी साखरशेतच्या फाट्यावर. तू हाळी द्यायची, पंचांनी समक्ष पाहायचं, मी लिहायचं. पंचनाम्याला कुणी नाही म्हणत नाही."

"ठीक आहे. मग उद्याची वक्तृत्व स्पर्धा रद्द."

"ती कशी रद्द? नाव दिलंय."

"बाबा, माझा घसा बसेल!"

"एकतीस झालीत. बत्तीस झाली की बत्तीसलक्षणी," भाऊ म्हणाले. आयुष्यात त्यांनी केलेला तो पहिलाच विनोद असावा. कुणी हसलं नाही. पुष्पलतेनं भाकरी जरा जोरात आपटली.

शनिवारची स्पर्धा एका सभागृहात झाली. विषय, 'मोबाईल : शाप की वरदान'. तिसऱ्या स्पर्धकाला माईक बंद पडला. हर्षाली एकोणिसावी. पंखे मात्र जोरात चालू होते, त्यामुळे मोबाईल शाप आहे हे तिला शेवटच्या रांगेपर्यंत ओरडून सांगावं लागलं, आणि वरदानापर्यंत येईतो आवाज फाटला. उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. पान क्रमांक बत्तीस.

रविवारी सकाळी साखरशेतच्या फाट्यावर हर्षाली जीपच्या पायरीवर चढली, छाती भरून श्वास घेतला आणि हाळी दिली. जीपमधल्या बायकांना वाटलं, टायरमधून हवा गेली.

रघ्यानं खाली उतरून खरंच टायर पाहिला.

"पोरी, काय झाला?"

हर्षालीनं गळ्याकडे बोट केलं, मग बाबांकडे.

भाऊ कोऱ्या कागदांचं पॅड, शाईचा पॅड आणि दोन पेनं घेऊन उभे होते. त्यांना सगळं दिसत होतं : नऊला दहा कमी, रविवार, संध्याकाळी पाच. जीपमध्ये पंच चारच. पाचवी पुतळी डोकरी. तिला गुडघ्याच्या गोळ्या आणायला जव्हारला जायचं होतं, आणि हर्षालीनं अर्जात नाव तिचंच लिहिलं होतं.

"तीच पाहिजे का?" भाऊंनी विचारलं. "दुसरा कुणी पंच चालेल."

हर्षालीनं त्यांच्या हातातलं पेन घेऊन पॅडवर लिहिलं : 'ती वाटेत असेल. पंच म्हणून नाही. गोळ्या संपल्यात तिच्या.'

"मी नऊला सुटणार," रघ्या म्हणाला. "ओ नाय, तर थांबा नाय. रीत ती रीत. तुमच्या हापिसातल्यासारखा नाय आमचा, दादा."

"मग तू दे हाळी."

"माझा आवाज नाय जात खाली. म्हणून तर पोरीला धरली होती. तुम्ही अबॅकसला नेलीत तिला. तवापासून दर रविवारी कुणी ना कुणी मागे ऱ्हातंय."

हे भाऊंना नवीन होतं. त्यांनी पॅड बॉनेटवर ठेवलं, पँट वर ओढली आणि पायरीवर चढले. जीपमधल्या बायका पदर तोंडाला लावून बघायला लागल्या.

"पुतळीबाई!" भाऊंनी हाक मारली. "ओ पुतळीबाई! आपण कुठे आहात? कृपया लवकर यावे!"

खालून काही आलं नाही.

"पुतळीबाई! जीप सुटते आहे! पुतळीबाई! तात्काळ निघावे! पुतळीबाई!"

एकामागोमाग सात हाळ्या. पहिलीचं उत्तर यायच्या आत दुसरी. कार्यालयात ह्याला स्मरणपत्र म्हणतात. हर्षाली खालून त्यांची पँट ओढत होती, तोंडावर बोट ठेवून दाखवत होती, पण भाऊ आठव्या स्मरणपत्राच्या तयारीत होते.

मागच्या बाकावर टोपली धरून हौशी बसली होती. ती आता म्हणाली, "देवा, गप ऱ्हा ना रं."

"आई, मी हाळी देतोय."

"कठं देतोस? फायलीवर शिक्के मारतोस. एकदा द्यायची का गप ऱ्हायचा. डोकरी चढ चढती, तिनं दम घ्यायचा, मग ओ द्यायची. तू तिला बोलूच देत नाय. पोरीलाबी तसाच करतोस."

जीपमध्ये कुणीतरी खुदकन हसलं. भाऊंचे कान लाल झाले. हर्षालीकडे त्यांनी पाहिलं नाही. दरीकडे पाहिलं. लहानपणी ते ह्याच फाट्यावरून बापाला हाळी द्यायचे, पण ते कुठल्या नोंदीत नव्हतं, म्हणून विसरले होते. त्यांनी शर्टाचं वरचं बटण काढलं.

"पुतळे... गोऽऽऽऽ!"

एकदाच. शेवटचा सूर लांबवून, उतारावर सोडून दिलेला. मग ते गप्प राहिले. गप्प राहणं त्यांना इतकं जड जात होतं, की सळईवरची बोटं पांढरी पडली. रघ्यानं घड्याळ पाहिलं.

"ओऽऽऽ..."

भाऊ झटकन समोरच्या टेकडीकडे वळले. "तिकडे आहे! तिकडे कशाला गेली ही?"

हर्षालीनं त्यांचं कोपर धरून खाली ओहोळाकडे वळवलं. मग पॅडवर लिहिलं : 'दुसरी धरायची नाही. ओहोळ ओलांडलाय. भारा नाही. वीस मिनिटं.'

रघ्यानं चावी काढून खिशात टाकली आणि बिडी पेटवली. पुतळी डोकरी एकविसाव्या मिनिटाला वर आली. आल्या आल्या विचारलं, "आधी कोण बोंबलत होता? मला वाटला मतदान हाय."

चालत्या जीपमध्ये पंचनामा झाला. पहिल्याच ओळीला अडचण आली. पंचांनी समक्ष पाहायचं होतं ते हर्षालीचं काम. समक्ष पाहिलं होतं भलतंच.

"लिहा ना दादा, पोरीनंच दिली हाळी," रघ्या आरशातून म्हणाला. "कोण येणार पुण्याहून बघायला?"

भाऊंनी पेन टेकवलं आणि उचललं. दीड वर्षात त्यांनी एका खड्ड्यात दोन रोपं लावलेली दाखवली होती, अर्ध्या ताणमुक्तीला पूर्ण केलं होतं. पण पंचनामा म्हणजे पंचनामा. त्यात न घडलेलं लिहिलं, की चोवीस वर्षं पाण्यात.

विक्रमी खड्ड्यांच्या त्या रस्त्यावर त्यांचं वळणदार अक्षर प्रथमच वाकडंतिकडं आलं. ते असं :

'आम्ही खाली अंगठा व सही करणार पंच, मौजे साखरशेत, लिहून देतो की, सदर मुलगी दर रविवारी जीपच्या मागील पायरीवर उभी राहून हाळी देत असे व कुणास मागे राहू देत नसे. त्याबद्दल तिला कोणतेही प्रमाणपत्र मिळालेले नाही. गेले काही महिने वडिलांनी तिचे सदर काम बंद केल्याने माणसे मागे राहिली. आज रोजी मुलीचा घसा वडिलांमुळे बसला असल्याने हाळी वडिलांनी दिली. ती देताना त्यांना सात वेळा अपयश आले. यावरून सदर काम अवघड असल्याबाबत आम्हा पंचांची खात्री झाली.'

त्यांनी ते मोठ्यानं वाचून दाखवलं; पंचनामा वाचून दाखवावा लागतो. 'वडिलांमुळे' हा शब्द त्यांनी दोनदा वाचला, पण खोडला नाही. हर्षाली खिडकीबाहेर बघत होती. तिला काही बोलता येत नव्हतं, आणि त्याबद्दल तिला त्या दिवशी पहिल्यांदाच तक्रार नव्हती.

"सात नाय, आठ," पुतळी डोकरी अंगठा पॅडवर दाबत म्हणाली. "मी मोजल्या."

"आठवी यशस्वी झाली, मावशी."

"मंग यशबी लिव्ह ना."

"त्याचा रकाना नाही," भाऊ म्हणाले.

घरी आल्यावर पीडीएफ चारशे दहा केबीची भरली. दाबता दाबता एकशे नव्व्याण्णववर आणली, तोवर पाच अंगठे पाच जांभळांसारखे दिसायला लागले. चार वाजून एकावन्न मिनिटांनी अर्ज गेला. पुष्पलतेनं हर्षालीला हळदीचं दूध दिलं, आणि भाऊंना नुसतं दूध.

मुलाखत मोबाईलवर झाली. बत्तीस प्रमाणपत्रांबद्दल समितीनं अवाक्षर काढलं नाही. पहिला प्रश्न : 'ती दुसरी ओ का धरायची नाही?' हर्षाली त्यावर बावीस मिनिटं बोलली. भाऊ दाराआड उभे राहून ऐकत होते, आणि मध्ये काहीही सुचवायचं नाही म्हणून त्यांनी तोंडात सुपारी धरली होती.

जूनमध्ये निवड झाल्याचं पत्र आलं. पूर्ण शिष्यवृत्ती, भूगोल, वसतिगृह. पुष्पलता रडली, नितीननं आपलं श्रेय मोजून घेतलं. संध्याकाळी दुसरं पत्र आलं. हर्षालीनं ते उघडलं, वाचलं, आणि मोबाईल पाटावर पालथा ठेवला.

"काय आहे?" भाऊंनी विचारलं.

"स्वागत आहे. सोबत बेचाळीस मंडळांची यादी आहे. त्यांतली किमान तीन निवडणं सक्तीचं. कराटे, कीबोर्ड, बुद्धिबळ..." तिनं मोबाईल सुलटा केला. "ताणमुक्ती. प्रत्येक सत्राच्या शेवटी प्रमाणपत्र मिळेल. प्रोफाइलसाठी."

भाऊ उठले आणि कपाटातून नवा गुलाबी पुठ्ठा काढला.

"बाबा, ठेवा तो."

"नुसता काढून ठेवतो."

"ठेवा!"

एवढ्यात फोन वाजला. रघ्या. पोरीचं गोड कानावर आलं, बरं वाटलं, तुमची आई रडते आहे पण आनंदानं, वगैरे सांगून तो मूळ मुद्द्यावर आला. "पण दादा, आता रविवारचं काय? हाळीला कोण? तुमची ती आठवी चांगली होती. याल का?"

भाऊंनी पुठ्ठा हातात तसाच धरला होता. ते म्हणाले, शिल्लक रजा किती आहेत ते उद्या कार्यालयात पाहावं लागेल.

"रविवारी रजा लागत नाही, बाबा," हर्षाली म्हणाली, आणि पुठ्ठा त्यांच्या हातातून काढून घेतला.